व्यसनाचा रकाना

संपादकांनी फोन करून सांगितलं, दिवाळी अंकासाठी तुमच्या मशीनवरच्या गमतीजमती लिहा. तेहेतीस वर्षं मी लोकांच्या आतले फोटो काढले, आधी नांदेडला आणि मग लातूरला, तेव्हा गमती असणारच असा त्यांचा अंदाज. अंदाज चुकीचा नाही. त्यातल्या दोन सांगतोही. पण खरं म्हणजे मला तिसरीच गोष्ट सांगायची आहे आणि ती गमतीची नाही. पहिल्या दोन सांगितल्याशिवाय ती कळायची नाही, म्हणून त्या आधी.

मी डॉक्टर नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण आयुष्यभर लोक मला ‘डॉक्टरसाब’ म्हणत आले आणि मी एकालाही थांबवलं नाही. मी टेक्निशियन. पेशंटला टेबलावर झोपवायचं, सरळ करायचं, दम धरायला सांगायचं आणि बटण दाबायचं, हे माझं काम. फोटोत काय दिसतंय ते लिहायचा अधिकार डॉक्टरांचा. पण तेहेतीस वर्षं भजी तळणाऱ्याला घाणा कच्चा निघाला की पक्का, हे न चाखता कळतं. मलाही कळायचं. नवे डॉक्टर हळूच विचारायचे, ‘काका, तुम्हाला काय वाटतं?’ त्या प्रश्नावर मी दिवसभर फुगून असायचो.

माझा हातखंडा म्हणजे अन्ननळीच्या फुगलेल्या शिरा. बाहेरच्यांसाठी सोपं करून सांगतो. पोटातलं, आतड्यातलं रक्त हृदयाकडे जाण्याआधी लिव्हरमध्ये जातं, आणि तिथं नेणारी एकच मोठी शीर असते. दारूने म्हणा, काविळीने म्हणा, लिव्हर निबर झालं, किंवा ती शीरच बुजली, तर रक्ताची वाट अडते. लातूरकरांना सांगायचं तर गंजगोलाईत ट्रक आडवा व्हावा तसं. मागची वाहनं काही थांबत नाहीत, बोळात घुसतात. रक्तही बोळ शोधतं. अन्ननळी जिथं जठराला मिळते तिथं बारीक शिरांचे असे बोळ आहेत. त्यांना एवढ्या रहदारीची सवय नसते. त्या फुगतात, वेड्यावाकड्या होतात, त्यांची भिंत पातळ होत जाते. दुखत नाही, खुपत नाही, घास नीट उतरतो. आणि एक दिवस त्यातली एक फुटते आणि माणूस तांबेच्या तांबे रक्त ओकतो. दवाखान्यापर्यंत न पोचणारे मी खूप पाहिले.

याला उपाय आहे. दुर्बीण आत घालून त्या शिरांना रबराच्या कड्या बसवतात, मग शीर वाळून जाते. फक्त फुटायच्या आधी कळलं पाहिजे आणि माणसाने ऐकलं पाहिजे.

नांदेडला होतो तेव्हा आमच्याकडे सीटी स्कॅन नव्हतं. बेरियम पाजायचो. बेरियम म्हणजे पांढरं, खडू कालवल्यासारखं पाणी. पेशंटने ते घोट घोट प्यायचं आणि ते नळीतून उतरत असताना आम्ही एक्स-रे घ्यायचा. नळी चांगली असेल तर पांढरी सरळ पट्टी दिसते. शिरा फुगलेल्या असतील तर त्या पट्टीत गांडुळं फिरून गेल्यासारखे माग दिसतात. कंधारकडचे एक आजोबा असंच बेरियम पिऊन गेले. त्यांच्या नळीत काही निघालं नाही. आठ दिवसांनी परत हजर. म्हणाले, ‘ते पांढरं औषद लई गुणाचं हाय. पोट गार पडलं. आणिक येक गलास द्या.’ मी परोपरीने सांगितलं की आजोबा, ते औषध नाही, फोटो उठावा म्हणून पाजतात. त्यांना पटेना. जाता जाता मला म्हणाले, संपलं असंल तर संपलं म्हणा की, खोटं कशाला बोलून राहिले. तेव्हा मी खूप हसलो होतो. खरं बोलूनही माणसाला पटत नाही, याची गंमत वाटण्याचं ते वय होतं.

दुसरी गोष्ट लातूरची. इथल्या सेंटरला सीटीचं मशीन आलं आणि मी नांदेड सोडलं. सीटीत आधी एक लांबट साधा फोटो निघतो, कुठून कुठपर्यंत काप घ्यायचे ते ठरवण्यासाठी. एक गृहस्थ आले, पोट पाण्याने टम्म, डोळे हळदीसारखे. मी फॉर्म भरत होतो. नाव, वय, मोबाईल, त्रास काय, अंगावर धातू आहे का, आणि शेवटचा रकाना व्यसन. गृहस्थांनी बायकोच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, ‘हिची आन, थेंब न्हाई.’ मी लिहिलं, नाही. खिसे रिकामे करून त्यांना टेबलावर घेतलं, बटण दाबलं आणि पडद्यावर त्यांच्या मांडीशेजारी एक देखणी क्वार्टरची बाटली उमटली. पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीला आतून खिसा असतो, तो तपासायचा राहिला होता. बायको काचेच्या अलीकडे माझ्या शेजारीच उभी होती. तिनं विचारलं, ते काय हाय? मी म्हणालो, काही नाही बाई, मशीनचं असतं ते. बाईंना बाटलीचा आकार माझ्यापेक्षा जास्त ओळखीचा होता.

ही गोष्ट मी शंभर वेळा सांगितली असेल आणि दर वेळी लोक पोट धरून हसले. त्या हसण्यातून मला एक सवय लागली. व्यसनाच्या रकान्यासाठी पेशंटला विचारणं मी सोडून दिलं. माणूस खोटं बोलतो, फोटो बोलत नाही, असं माझं तत्त्वज्ञान झालं. तो रकाना मी मोकळा ठेवायचो आणि स्कॅन झाल्यावर पडद्याकडे बघून भरायचो. अन्ननळीच्या शिरा फुगलेल्या, पाणथरी म्हणजे प्लीहा वाढलेली, की ‘दारू : आहे’. रिपोर्ट लिहिणारे डॉक्टर पुण्यात बसायचे. फोटो त्यांच्याकडे नेटवरून जायचे आणि सोबत माझा फॉर्म. त्यांनी पेशंटचं तोंड कधी पाहिलेलं नसायचं, म्हणून फॉर्मवर जे असेल ते रिपोर्टच्या पहिल्या ओळीत यायचं. माझं एकदाही चुकलं नाही, असं मी चहाच्या टपरीवर सांगायचो. चुकलं की नाही हे तपासायला कोण परत येणार होतं?

आता तिसरी.

तीन वर्षांपूर्वी तुरी काढणीला आल्या होत्या, त्या दिवसांत मुरुडचे बसवणआप्पा सेंटरला आले. वय पंचेचाळीसच्या आसपास, मुरुडच्या बाजारात भुसार मालाचं दुकान, कपाळावर विभूती, बोलणं अगदी हळू. महिनाभर अशक्तपणा, चेहरा पांढराफटक, शौचाला डांबरासारखं काळं. त्यांना गाडीत घालून घेऊन आले होते उदगीरचे एक निवृत्त मुख्याध्यापक. महिन्यापूर्वीच आप्पांच्या मुलीची, शिवकांताची सुपारी गुरुजींच्या मुलाशी फुटली होती. लग्न माघात. होणाऱ्या व्याह्याची तब्येत बघून गुरुजींनीच आग्रह धरला होता की लग्नाच्या आधी तपासून घेऊ. माणूस चांगला, यात शंका नाही. आप्पांचा मोबाईल बटणांचा, त्यावर रिपोर्ट येणार नाही, म्हणून फॉर्मवर नंबरही गुरुजींनी स्वतःचा दिला.

सगळं सुरळीत चाललं होतं, अडलं ते लिंगापाशी. आप्पा लिंगायत. गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग. छातीवर चांदी असली की फोटोत तिथून पांढरे फराटे फुटतात आणि नेमकं अन्ननळीचं टोक झाकलं जातं. मी म्हणालो, हे काढावं लागेल. आप्पा शांतपणे म्हणाले, ‘ह्ये न्हाई निघत साब. जीव गेल्यावर सुदा संगंच जातंय.’ मी कंधार तालुक्यातला, लिंगायतांच्या शेजारात वाढलेला. त्यांना जबरदस्ती करणं मला शक्यच नव्हतं. बाहेर पंधरा माणसं खोळंबलेली, त्यातल्या निम्म्यांनी चर्चेत भाग घेतला. शेवटी गुरुजींनी मठातल्या स्वामींना फोन लावला. अंगापासून दूर होऊ नये, अंगावर कुठंही चालेल, असं उत्तर आलं. मग मीच तोड काढली. फोटो छातीचा आणि पोटाचा घ्यायचा होता, डोकं मशीनबाहेर राहणार होतं. पांढऱ्या फडक्यात लिंग गुंडाळून मी ते आप्पांच्या कपाळावर बांधलं. आप्पांनी डोळे मिटले. मला स्वतःचं भारी कौतुक वाटलं.

यात वीस मिनिटं गेली. सुईतून औषध सोडलं, अंग गरम होईल घाबरू नका म्हणालो, दम धरा म्हणालो, आणि पडद्यावर काप उमटत गेले. पाणथरी बेंबीच्या खालपर्यंत आलेली. अन्ननळीच्या टोकाला करंगळीएवढ्या जाड शिरांचा गुंता. एवढ्या फुगलेल्या शिरा मी फार थोड्या पाहिल्या होत्या. आप्पांना उठवलं, लिंग पुन्हा गळ्यात घातलं, पुढच्या पेशंटला आत घेतलं आणि उभ्याउभ्याच रकाना भरला. ‘दारू : आहे. जुनी.’

अंगावरून लिंग निघू नये म्हणून जो माणूस वीस मिनिटं टेबलाशी उभा राहिला, तो दारू पीत असेल का, असं मनात आलं नाही असं नाही. आलं. पण सोंगं मी पुष्कळ बघितली होती. फोटो खोटं बोलत नाही.

संध्याकाळी रिपोर्ट गुरुजींच्या मोबाईलवर गेला. पुण्याच्या डॉक्टरांनी सगळं अचूक लिहिलं होतं. शिरा किती फुगल्यात, मोठी शीर बुजून तिच्या जागी बारीक शिरांचं जाळं कसं झालंय, आणि शेवटी, तातडीने दुर्बिणीची तपासणी करावी. पण सगळ्यात वर ओळ होती, ‘क्रॉनिक अल्कोहोलिक’. गुरुजी मास्तर माणूस. वरून वाचत आले आणि पहिल्याच ओळीवर थांबले.

दोन दिवसांत सोयरीक मोडली. भांडण नाही, तंटा नाही. मध्यस्थामार्फत निरोप आला की मुहूर्त जुळत नाही. आठवड्याभरात मुरुडच्या बाजारात माहीत नसलेला माणूस उरला नाही.

हे मला पंधरा-वीस दिवसांनी कळलं, आप्पा एकटेच एसटीने आले तेव्हा. रिपोर्टची छापील प्रत पिशवीत होती. त्यांनी शरणार्थ म्हणून हात जोडले, बाकावर बसले आणि विचारलं, ‘साब, ह्ये दारूचं कुणी सांगितलं? मला तर कुणी इचारलंच न्हाई.’

मी म्हणालो, पुण्याच्या डॉक्टरांनी फोटोवरून लावलं असेल.

त्यांनी पिशवीतून तो कागद काढून बाकावर ठेवला. मग म्हणाले, ‘फोटोत दारू दिसती का?’

इतक्या वर्षांत मला कुणी इतका साधा प्रश्न विचारला नव्हता. मी म्हणालो, तसं नाही आप्पा, पण अंदाज बांधतात. त्यांनी मान हलवली. जन्मात तोंडाला लावली नाही, सुपारीचं खांडसुद्धा खात नाही, एवढंच म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर कदाचित मी खरं बोललो असतो.

ते गेल्यावर मी त्यांचे फोटो पुन्हा उघडले. दारूने खराब झालेलं लिव्हर खडबडीत असतं, लहान झालेलं असतं. आप्पांचं लिव्हर गुळगुळीत होतं, तान्ह्या लेकराच्या गालासारखं. बुजली होती ती लिव्हरकडे जाणारी शीर, आणि तीही फार जुनी बुजलेली. असे फोटो मी लहान पोरांचे पाहिले होते. त्या दिवशी मला ते दिसायला पाहिजे होतं. मी शिरा बघितल्या आणि बघायचं थांबलो. गुरुजी पहिल्या ओळीवर थांबले म्हणून मी त्यांना नावं ठेवतो, पण माझीही गत तीच.

पुण्याला फोन लावला. डॉक्टरांनी फोटो पुन्हा पाहिले आणि विचारलं, दारूची हिस्टरी कुणी दिली? मी म्हणालो, नातेवाईकांनी. हे दुसरं खोटं. पहिल्यापेक्षा सोपं गेलं. डॉक्टरांनी रिपोर्ट दुरुस्त करून दिला आणि म्हणाले, जन्मल्यावर बेंबी पिकून त्यातून ही शीर बुजलेली असू शकते, लहानपणी होतं असं. लिव्हर उत्तम आहे, वेळेवर कड्या बसवल्या तर हा माणूस म्हातारा होऊन मरेल.

रविवारी नवा रिपोर्ट घेऊन मी मुरुडला गेलो. दुकानाच्या मागेच घर. आप्पा, त्यांची बायको महानंदा, शिवकांता, आणि कोपऱ्यात पाय लांब करून बसलेली त्यांची ऐंशीच्या घरातली आई. सगळे तिला अव्वा म्हणत. मी तासभर बोललो. कागदावर चित्र काढून दाखवलं. हा दारूचा आजार नाहीच, हा बेंबी पिकल्याचा आजार आहे, असं ठासून सांगितलं. डॉक्टर ‘असू शकतं’ म्हणाले होते. मी सांगताना ‘असंच आहे’ केलं. ती माझी जुनी खोड. महानंदाबाई तोंडाला पदर लावून रडायला लागल्या, सुटल्यासारख्या. अव्वानं एकदाच विचारलं, ‘बेंबी? कवाची बेंबी?’ मी म्हणालो, जन्मल्यावरची हो, पाच-सात दिवसांचं लेकरू असताना. मी तिच्याकडे बघितलंही नाही, कारण मला उदगीर गाठायचं होतं.

गुरुजींनी माझं स्वागत केलं, चहा मागवला, चष्मा लावला आणि दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून उत्तरपत्रिका तपासावी तसे वाचले. मग म्हणाले, ‘असं बघा, पहिला कागद खरा असतो. दुसरा करून आणलेला असतो. माझ्या शाळेत जन्मतारखेचे दाखले असेच बदलून यायचे.’ मी समजावत राहिलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, सेंटरचा माणूस रिपोर्ट घेऊन उदगीरपर्यंत येतो का कधी? तुम्हाला कुणी पाठवलं?

या प्रश्नाला एकच उत्तर होतं. फॉर्म मी भरला, न विचारता भरला, चूक माझी आहे म्हणून आलो. एवढं वाक्य बोललो असतो तर गुरुजींना पटलं असतं, असं मला आजही वाटतं. ते शिक्षक होते, चूक कबूल करणारा त्यांना ओळखू आला असता. वाक्य अगदी जिभेवर होतं. पण निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, एवढ्या वर्षांचं नाव होतं, टपरीवरची ती बाटलीची गोष्ट होती. मी म्हणालो, इकडे काम होतं म्हणून आलो. चहा पिऊन उठलो.

एसटीत बसल्यावर मला स्वतःची किळस आली. ती गेलेली नाही.

आता सगळं आप्पांवर होतं. त्यांनी फक्त लातूरला यायचं, दुर्बिणीतून कड्या बसवून घ्यायच्या, संध्याकाळी घरी जायचं. पण ते यायला तयार नव्हते. कड्या बसवणाऱ्या डॉक्टरांच्या दारात दारुडेच जास्त बसतात, हे सगळ्या मुरुडला ठाऊक. आप्पा म्हणाले, ‘आता नळीला कड्या घालून आलो की बाजार म्हणंल, बगा, खरंच व्हतं. पोरीचं येक कुटं जुळू द्या. मग तुमी म्हणाल तितं येतो.’ मी परोपरीने सांगितलं की आप्पा, शीर मुहूर्त बघून फुटत नाही. त्यांनी ऐकून घेतलं. त्यांनी सगळ्यांचंच ऐकून घेतलं.

मी दर सोमवारी फोन करायचो. तब्येत झकास हाय, म्हणायचे. त्या काळात शिवकांताला दोन स्थळं येऊन गेली. पाहुणे आधी बाजारात चौकशी करायचे आणि चहा न घेताच परतायचे. ज्या सोयरिकीसाठी आप्पा थांबले होते, ती त्या एका ओळीमुळेच होत नव्हती, आणि ती होत नाही म्हणून ते येत नव्हते. ही गाठ मीच मारलेली होती आणि माझ्याजवळ ती सोडवायचं एकच वाक्य होतं. दर सोमवारी मी ते बोलायचं ठरवायचो आणि तब्येत विचारून फोन ठेवायचो.

चैत्रात, सकाळी पूजा आटोपून आप्पा दुकानात हरभरा मोजत होते. मळमळतंय म्हणाले आणि पोत्यांवरच ओकले. जीपमध्ये घालून लातूरला निघाले. वाटेत दुसरी उलटी झाली. महानंदाबाईंनी मला फोन केला तेव्हा जीप परत मुरुडकडे वळली होती. त्या म्हणाल्या, तुम्ही म्हणला व्हता तसंच झालं.

मी मातीला गेलो. लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात. आप्पांना मांडी घालून बसवलं, विभूती लावली, बेलाची पानं वाहिली. स्वामींनी गळ्यातली डबी उघडून लिंग त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवलं. जीव गेल्यावर सुद्धा संगंच जातंय, हे त्यांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं. माझ्या मागे दोघंजण हळू बोलत होते. माणूस देवगुणी होता, एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, व्हय, पण प्यायचा म्हणं, लपून. मी मागे वळून बघितलं नाही. तिथंही बोललो नाही.

पाचव्या दिवशी भेटायला गेलो. हे मी इथं लिहितोय खरं, पण हा अंक उदगीरला पोचला आणि गुरुजींनी वाचला तर ते काय म्हणतील ते मला माहीत आहे. म्हणतील, हाही दुसराच कागद.

घरात फारसं कुणी नव्हतं. महानंदाबाई आत निजल्या होत्या. शिवकांतानं माझ्यासमोर चहा ठेवला आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. अव्वा त्याच कोपऱ्यात होती. तिनं मला जवळ बोलावलं आणि खालच्या आवाजात विचारलं, ‘साब, त्या दिशी तुमी बेंबीचं म्हणला व्हता. सुईणीनं खुरप्यानं नाळ कापली. वर चुलीतली राख म्या लावली, माज्या हातानं. आठ दिस पिकली व्हती. म्हंजे मीच मारलं का ओ त्याला?’

चार महिने ती म्हातारी हे घेऊन त्या कोपऱ्यात बसली होती. मुलगा समोर वावरत असताना, जेवत असताना, दुकानात जात असताना. मी दिलेलं होतं ते तिला, छाती पुढे काढून.

मग मी बोललो. म्हणालो, ‘नाही अव्वा. बेंबीनं झालं की आणखी कशानं, हे कुणालाच नक्की सांगता येत नाही. मी उगाच नक्की म्हणालो. आणि त्यानं आप्पा मेले नसते, कड्या बसवल्या असत्या तर जगले असते. त्यांना त्या कागदानं अडवलं. तो कागद मी लिहिला. दारू पितात असं मी लिहिलं, त्यांना न विचारता. पुण्याच्या डॉक्टरांनी नाही, मी.’

अव्वानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, समजूत घालावी तसा.

‘माजं मन राखायला येवढं अंगावर घेता व्हय,’ ती म्हणाली. ‘लई मोटं मन हाय बाबा तुमचं. पर आईला कळतंय.’

मी पुन्हा सांगितलं. फॉर्म कसा असतो, रकाना कुठं असतो, सगळं सांगितलं. ती मान हलवत राहिली आणि माझा गुडघा थोपटत राहिली.

त्या घरात माझ्या बोलण्यावर एकाच माणसाचा विश्वास बसला. शिवकांता दारातून पुढे आली. माझ्यासमोरचा चहाचा कप अजून भरलेलाच होता. तो तिनं उचलला आणि आत घेऊन गेली.